उपाशी माणसाला सांगू नये

परदेशात आम्ही पायी गेलो. दुर्गहून सुटलेली गाडी नौतनव्याला रिकामी झाली, तिथून जीपमध्ये कोंबून सोनौली, आणि सोनौलीला एक रंगवलेली कमान. अलीकडे आपले शिपाई, पलीकडे त्यांचे. मी दोघींची मतदार कार्डं मुठीत धरून चालत होते, पण कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. कमान ओलांडल्यावर आई थांबली, मागे वळून बघितलं आणि म्हणाली, "झाला विदेश?"

"झाला."

"प्लांटच्या गेटवर याच्याहून जास्त पूछताछ रायते."

तिच्या खांद्याला कापडी पिशवी होती आणि पिशवीत स्टीलचा डबा. तो डबा तिनं दुर्गपासून कोणाच्या हाती दिला नव्हता, माझ्याही नाही. गाडीत झोपली तेव्हाही उशाला. मनगटावर बाबांचं घड्याळ, रिटायर झाले तेव्हा सोबतच्या कामगारांनी दिलेलं. तिला ते इतकं सैल की हात वर केला की कोपराकडे घसरायचं. त्या सगळ्या प्रवासात ती दोन गोष्टींची राखण करत होती, एक डबा आणि एक बातमी. बातमी अशी की माझे बाबा हिवाळ्यात वारले होते आणि त्यांच्या एकुलत्या एक मुलाला ते ठाऊक नव्हतं.

माझा भाऊ भिक्षू आहे. हे वाक्य लिहायला सोपं, बोलताना मात्र मी अजून अडखळते. भाऊ काय करतो, असं कोणी विचारलं आणि मी खरं सांगितलं, की आमचे लोक हात जोडतात आणि बाकीचे विषय बदलतात.

आमच्यात रीत आहे. उन्हाळ्यात विहारात श्रामणेर शिबिर लागतं. पोरं डोकं भादरून, चीवर नेसून दहा दिवस भिक्षूसारखी राहतात. पहाटे उठायचं, ध्यानाला बसायचं, दुपारी बारानंतर अन्नाला शिवायचं नाही. दहा दिवसांनी चीवर परत देऊन घरी येतात, आणि बहुतेक जण त्याच संध्याकाळी कोंबडीवर ताव मारतात. मग कोणी भिलाईच्या पोलाद प्लांटमध्ये ठेक्यावर लागतं, कोणी रेल्वेच्या परीक्षा देत राहतं. डोक्यावर केस येईपर्यंत गल्लीत थोडा मान मिळतो, बस्स. भावाच्या मागे बाबाच लागले होते. तो डिप्लोमा करून घरी बसला होता, दिवसभर मोटारसायकल खोलायची आणि जोडायची हाच उद्योग. बाबा म्हणाले, "दहा दिवस जाऊन ये. वळण लागन."

वळण लागलं. इतकं लागलं की तो घरी आलाच नाही. दहा दिवस संपल्यावर बाबा त्याची पॅंट आणि शर्ट पिशवीत घालून आणायला गेले आणि ती पिशवी तशीच परत घेऊन आले. आईनं पॅंट-शर्ट काढून पुन्हा धुतले. धुतलेलेच होते.

चारचौघांत बाबा ताठ मानेनं सांगत, आमचा पोरगा भिक्षुसंघात गेला. आणि घरी दर रविवारी, रिसालीच्या आमच्या घराच्या अंगणात, त्याची मोटारसायकल बाहेर काढत, किक मारत, थोडा वेळ चालू ठेवत आणि परत झाकून ठेवत. बॅटरी उतरते म्हणे. कोणासाठी जपताय ती बॅटरी, असं मी एकदा विचारणारच होते, पण आईनं माझ्याकडे असं पाहिलं की तोंडातला शब्द तोंडातच राहिला.

तो आधी नागपूरला होता, मग बोधगयेला, मग कुठे कोण जाणे. फोन ठेवायचा नाही असं त्यानं ठरवलं होतं. सुरुवातीला कोणाच्या तरी फोनवरून वर्षाकाठी बोलणं व्हायचं, पुढे तेही थांबलं. तो निर्वाणाच्या वाटेला लागला आणि गॅसचं सिलेंडर, घरपट्टी आणि प्लांटच्या कोक ओव्हनच्या धुरात आयुष्य काढलेल्या बाबांची दम्याची छाती माझ्या वाट्याला आली. मी दुर्गला रेल्वेत आहे. लग्न केलं नाही, म्हणजे करायचं राहून गेलं. संसार सोडणाऱ्याचे लोक पाय धरतात. ज्यांनी संसार सोडला नाही आणि मांडलाही नाही, त्यांना कोणी चहासुद्धा विचारत नाही.

बाबा गेले तेव्हा आईनं सगळ्या भन्तेजींना, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या भिक्षूंना, विचारून पाहिलं, कोणालाच त्याचा पत्ता नव्हता. पुण्यानुमोदनाचा विधी झाला, लोक जेवून गेले. पुढे उन्हाळ्यात भिलाईच्या कॅम्पातल्या विहाराची सहल लुंबिनीला जाऊन आली आणि त्यातल्या एक बाई घरी आल्या. लुंबिनीत कोणी तरी त्यांना सांगितलं होतं, वर डोंगरात एका बाजाराच्या गावी लहानसं विहार आहे, तिथे भिलाईवाले भन्ते म्हणून एक जण राहतात. तेवढंच. मी चार ठिकाणी विचारून तिथला नंबर मिळवला. फोन उचलणारा माणूस नेपाळीत भराभर बोलला, त्यातले 'भारत' आणि 'भन्ते' एवढेच शब्द मला कळले. मी हिंदीत निरोप द्यायला सुरुवात केली तर आईनं माझ्या हातातून फोन काढून घेतला.

"फोनवर सांगाचं नाई. अन दुसऱ्याच्या तोंडून तर नाईच. मी जाईन, मीच सांगन."

"आणि तो दुसराच कोणी निघाला तर?"

"तर वापस येऊ. मले कोणती ड्यूटी हाय?"

तिनं दिवसही तिच्या हिशोबानं निवडले. पावसाळ्यात भिक्षूंचा वर्षावास असतो, तीन महिने जागा सोडून ते जात नाहीत. म्हणजे तो असेल तर तिथेच असेल. माझी रजा मंजूर झाली आणि आम्ही निघालो.

इथे आईचा एक कायदा सांगायला हवा. तिच्या लग्नाच्या पहिल्याच वर्षी, कॅम्प-१ या कामगारवस्तीतल्या एका खोलीत ते दोघं राहत असताना, भंडाऱ्याकडच्या गावाहून एक माणूस निरोप घेऊन आला की माझे आजोबा गेले. बाबा ड्यूटीवर होते. आईनं त्या माणसाला शेजारच्यांकडे बसवून ठेवलं. बाबा आले, तिनं ताट वाढलं, भात संपेपर्यंत समोर बसून राहिली आणि त्यांनी हात धुतल्यावर सांगितलं. नवी नवरी, पण हिंमत बघा. बाबा पुढे आयुष्यभर म्हणायचे, त्या दिवशी हिनं जेवू घातलं म्हणून मी मातीला पोचलो, नाही तर वाटेतच पडलो असतो. तेव्हापासून आमच्या घरात हा कायदा झाला. मरणाची बातमी उपाशी माणसाला सांगू नये. आधी दोन घास खाऊ द्यावेत, मग सांगावं.

आता मुलगा भिक्षू, बारानंतर न खाणारा. म्हणजे बाराच्या आत पोचायचं, त्याला खायला घालायचं आणि मग सांगायचं. त्यासाठीच तो डबा होता. त्यात खुरमी होती, कणीक आणि गूळ तुपात तळून केलेली. कॅम्पात शेजारी राहणाऱ्या छत्तीसगडी काकूंकडून आई ती शिकली होती आणि लहानपणी भाऊ ती खिशात भरून शाळेत न्यायचा, चड्डीला तुपाचे डाग पडायचे म्हणून मार खायचा. आईनं घरबसल्या सगळं बरोबर जुळवलं होतं. फक्त त्यात डोंगर धरले नव्हते.

भैरहव्याला एका लॉजवर मुक्काम करून आम्ही पहाटेची बस धरली. कंडक्टर पोरगेलासा होता, कानात बाळी. मी त्याला दोनदा विचारलं, कब पहुँचेगी? तो म्हणाला, दीदी, खाना खाने के टाइम तक. आईला ते उत्तर फार आवडलं.

बुटवलपर्यंत जमीन आपल्यासारखीच, सपाट, भाताची. बुटवल मागे पडलं आणि रस्ता एकदम उभा राहिला. आईनं डोंगर म्हणावा असा डोंगर जन्मात पाहिला नव्हता. आमच्याकडचा डोंगर म्हणजे दल्ली-राजहऱ्याच्या लोखंडखाणीचा, तोही रोज थोडा थोडा खणून आमच्याच भट्टीत येणारा. ती खिडकीतून मान वर करकरून बघत राहिली आणि बऱ्याच वेळानं म्हणाली, "एवढा मोठा पहाड, अन कोणी खोदून नाई राहिलं."

दर वळणाला कोणी ना कोणी ओकत होतं. कंडक्टर प्लास्टिकच्या पिशव्या वाटत फिरायचा, प्रसाद वाटावा तशा. टपावर दोन बकऱ्या बांधलेल्या, त्या मध्येच ओरडायच्या. मी डोळे मिटून लिंबू हुंगत बसले होते. मला कुठे चाललोय ते माहीत होतं, म्हणजे गावाचं नाव माहीत होतं. पण तिथे कोण भेटणार ते माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर तो तिथे नसावा असं मला अर्धंअधिक वाटत होतं. तो नसला तर आईला वाईट वाटेल, दोन दिवस रडेल, मग आपण घरी जाऊ. आणि तो असला तर काय होईल, ते मला डोळ्यांसमोर आणताच येत नव्हतं.

आईच्या शेजारी एक डोंगरातली म्हातारी बसली होती, नाकात मोठी फुली, मांडीवर टोपलीत कोंबडी. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती आणि त्यानं दोघींचं काही अडत नव्हतं. म्हातारीनं डब्याला बोट लावून विचारलं असावं, यात काय. आई म्हणाली, "पोरासाठी हाय. पोरगा." म्हातारी म्हणाली, "छोरा?" आई म्हणाली, "हो, छोरा. वर रायते."

मग मी ऐकलं की आई तिला सगळं सांगते आहे, आपल्या नागपुरीत, हळू आवाजात. "थंडी लय होती. सकाळी चहा मागितला त्याईनं. मी चहा घेऊन आली तं मान अशी टेकलेली. मले वाटलं झोपले." म्हातारी मान डोलावत होती. आई थांबली, आणि पुन्हा पहिल्यापासून सांगू लागली, या वेळी थोडे शब्द बदलून. "तुया बाबानं चहा मागितला." माझ्या लक्षात आलं, ती म्हातारीला सांगत नाहीये. ती सराव करते आहे. त्या भाषेतला एक शब्दही न कळणारी बाई तिला त्यासाठीच बरी वाटली होती. मी लिंबू नाकाशी धरून तोंड खिडकीकडे केलं, आणि रडले. घाटात सगळेच हैराण होते, कोणाला कळलं नाही.

बस थांबली ती एका वळणाअलीकडे. पुढे गाड्यांची रांग. रात्रीच्या पावसानं दरड कोसळली होती, रस्त्यावर चिखल आणि दगडांचा ढीग. ज्या पावसानं मुलाला एका जागी बांधून ठेवलं होतं, त्याच पावसानं आईची वाट अडवली. पलीकडून एक जेसीबी येणार होता. कंडक्टर खाली उतरून गाणी ऐकत बसला. लोक मक्याची कणसं भाजून विकणाऱ्या बाईभोवती जमले. आई जागेवरून हलली नाही. हात वर करून घड्याळ मनगटावर आणायची, बघायची, हात खाली घ्यायची.

शेवटी कंडक्टर डोकावला तर तिनं त्याला विचारलं, "कितना बजा?" तो म्हणाला, "बाह्र बज्यो, आमा. बारा." तिकडे आईला आमा म्हणतात.

"तुमचे वाजले असन," आई म्हणाली. "याच्यात अजून टाइम हाय."

नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा पाव तास पुढे असतं. तेवढा पाव तास आई ते घड्याळ बघत बसली, जणू जेसीबी त्या काट्यांवरून येणार होता. मग बाबांच्या घड्याळातही बारा वाजले. तिनं पदर सारखा केला आणि डबा पिशवीत खाली सरकवला.

"आता उद्याची सकाळ," ती म्हणाली.

गावी पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. एक चढाचा बाजार, कापडाची आणि भांड्यांची दुकानं, आणि त्याच्या वर दगडी पायऱ्या. विहार म्हणजे पत्र्याचं छप्पर असलेल्या दोन खोल्या आणि समोर फरशीचं अंगण. अंगणात नळाच्या पाइपजवळ एक भिक्षू पाठमोरा उकिडवा बसला होता. एका हातानं पाइप धरलेला, दुसऱ्या हातानं सांधा चाचपत होता, आणि पान्याची मूठ दातांत धरलेली.

आमच्या अंगणात मोटारसायकलपाशी हजार वेळा असाच बसलेला मी त्याला पाहिला होता. मला तोंड बघायची गरज पडली नाही. आईलाही नाही.

त्यानं वळून पाहिलं. पाना तोंडातून काढून खाली ठेवला, उभा राहिला, चीवर सावरलं. चेहरा वाळलेला, उन्हानं काळवंडलेला, पण डोळे बाबांचे. आईनं पिशवी माझ्याकडे न देता पायरीवर ठेवली, घड्याळाचा हात पदराखाली घेतला, मला ते दिसलं, आणि गुडघ्यांवर बसून तीन वेळा डोकं फरशीला टेकवलं. आमच्यात आईच मुलाला वंदन करते, एकदा तो भिक्षू झाला की. ते ठरलेलं आहे, त्याबद्दल माझी तक्रार नव्हती. पण तिसऱ्या वेळी तिनं हात पुढे केला आणि त्याच्या पायांना लावायला गेली, आमच्या भिलाईच्या विहारात सगळ्या बाया लावतात तसा. तो झटकन मागे सरला.

तिचा हात फरशीवर पडला. विहाराची व्यवस्था बघणाऱ्या, तिथल्या नेवार समाजातल्या एक बाई धावत आल्या आणि आईचा दंड हलकेच धरून म्हणाल्या, "छूना नहीं आमा, यहाँ छूते नहीं."

माझ्या डोक्यात सणक गेली. त्याच्या उजव्या पायावर सायलेन्सरनं भाजल्याचा डाग तसाच होता. त्या डागाला महिनाभर मलम कोणी लावलं होतं? बाईनं भिक्षूला शिवू नये असे नियम असतील, असोत. पण तो हात कोणाचा आहे हे तरी पायाला कळावं. मी काही बोलणार होते, तेवढ्यात आईच म्हणाली, "चुकलं भन्तेजी. आम्हाले माहीत नवतं."

"काही हरकत नाही, उपासिका," तो म्हणाला. "बसा. प्रवास फार लांबचा झाला."

हीच त्याची पहिली वाक्यं. एकेकाळी हा पोरगा 'कावून बे' म्हटल्याशिवाय तोंड उघडत नव्हता. आता त्याची मराठी पुस्तकातली झाली होती, धुऊन इस्त्री केलेली. मला तो ताई म्हणायचा. त्या दिवशी मीही उपासिका झाले, म्हणजे विहारात येणारी कोणीही एक बाई. त्यानं वाट कशी होती विचारलं, दरड कुठे पडली विचारलं. घरचं काही विचारलं नाही. भिक्षूनं विचारू नये असं असेल, किंवा विचारायची भीती वाटली असेल. मला त्याचा राग आला हे मात्र खरं.

आईनं डबा काढून त्याच्यासमोर ठेवला. झाकण उघडलं नाही तरी गूळ-तुपाचा वास आलाच असेल. त्यानं डब्याकडे बघितलं आणि नजर खाली केली.

"आता वेळ टळली आहे. सकाळी दान द्या."

"हो, भन्तेजी."

रात्री आम्ही त्या नेवार बाईंच्या घरी उतरलो. मी आईला म्हटलं, सांगून टाकायचं होतंस, इतक्या दूर आलो कशाला? ती अंथरुणावर बसून केस मोकळे करत होती. म्हणाली, "उपाशी झोपन तो. अन त्याच्यावर मी हे सांगून देऊ? सकाळी खाईन, मंग सांगन. रात जाऊ दे."

सकाळी आम्ही विहारात गेलो. आईनं न्हाऊन पांढरं लुगडं नेसलं होतं, दान द्यायला नेसतात तसं. बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावली. तो आसनावर बसला, समोर चटई, चटईवर त्याचं भिक्षापात्र, त्यात नेवार बाईंनी वाढलेला भात. आईनं डबा उघडून खुरमी पात्राशेजारी कापडावर ठेवली. आधी त्रिशरण, मग पंचशील. तो एकेक शील म्हणे, आम्ही मागून म्हणत होतो. खोटं बोलणार नाही, हे चौथं शील. आई मन लावून म्हणत होती. तिचा चेहरा शांत होता. सगळं तिच्या मनासारखं चाललं होतं: आता तो जेवेल, हात धुवेल, मग ती सांगेल.

आमच्या भिलाईत भन्तेजी आधी जेवतात. जेवण झालं की पुण्यानुमोदन, ज्याच्या नावानं दान असेल त्याचं नाव तेव्हा घेतात. आईनं असली दानं शंभर पाहिली होती, आणि सगळीकडे असंच असणार हे धरून चालली होती. त्या विहारात रीत उलटी होती.

त्यानं पात्राला हात लावला नाही. वर न बघता विचारलं, "उपासिका, हे दान कोणाच्या नावानं?"

आईनं खुरमीचं कापड पात्राकडे आणखी सरकवलं.

"आधी जेवून घ्या, भन्तेजी."

"आधी नाव सांगावं लागतं."

"जेवल्यावर सांगते ना."

"नाव घेतल्याशिवाय मला जेवता येत नाही, उपासिका."

मला वाटलं, ती म्हणेल असंच, कोणाच्या नावानं नाही. म्हणता आलं असतं. पण मूर्ती समोर होती आणि चौथं शील तोंडातून नुकतंच बाहेर पडलं होतं. आई तसली बाई नाही. तिनं पदराखालचा हात बाहेर काढला. घड्याळ घसरून तळव्यापर्यंत आलं. तिनं सरावातलं एकही वाक्य वापरलं नाही.

"माया मालकाच्या नावानं, भन्तेजी."

तो हलला नाही. मेणबत्तीच्या पलीकडे तो खुरमीकडे बघत राहिला. मला आजही वाटतं, बाबांच्या मनगटावरचं ते ओळखीचं घड्याळ त्याला आदल्या दिवशीच दिसलं असावं, आणि त्याचीही रात्र आमच्यासारखीच गेली असावी. पण हे माझं वाटणं. विचारायला तो मला भेटलेला नाही.

थोड्या वेळानं त्यानं पाण्याचा लोटा आणि एक ताटली पुढे सरकवली. आईनं लोटा उचलला. तो गाथा म्हणू लागला आणि ती ताटलीत पाण्याची धार धरू लागली, नद्या समुद्राला भरतात तसं इथलं दिलेलं गेलेल्याला पोचो, या अर्थाची ती गाथा. आवाज सुरुवातीला स्वच्छ होता. मग एका ओळीवर तो अडखळला, पुन्हा तीच ओळ घेतली आणि पुन्हा तिथेच थांबला. ओठ हलत होते, आवाज नव्हता.

आईनं धार मोडली नाही. तिनं खाली बघतच पुढची ओळ घेतली, तिच्या त्या जाड्याभरड्या आवाजात. हिवाळ्यापासून तिनं ती गाथा इतक्यांदा ऐकली होती की पाठच झाली होती. दोन-तीन ओळी ती एकटीच म्हणत होती, मग तो तिच्या मागून आला. ताटली भरून पाणी चटईवर सांडलं. शेवटी नाव घ्यायचं असतं. त्यानं नाव घेतलं नाही. म्हणाला, "हे पुण्य माया बाबाले लाभो."

मग तो जेवला. पात्रातला भात आधी, नंतर खुरमी, एकेक नीट चावून. दुपारला वेळ होता, घाई नव्हती. डोळ्यांतून पाणी गालावर येत होतं आणि तो ते पुसत नव्हता. आई समोर बसून होती, त्याचं खाऊन होईपर्यंत, कॅम्पातल्या त्या खोलीत बाबांसमोर बसली असेल तशीच. फक्त या वेळी सगळं आधी सांगून झालं होतं.

हात धुतल्यावर त्यानं मला विचारलं, "त्रास झाला का त्यांना?"

"दमा होता. शेवटी नाही झाला."

मग न राहवून मी म्हटलं, "दर रविवारी तुमची गाडी चालू करून ठेवायचे. बॅटरी उतरू नये म्हणून." मी त्याला अहोजाहो केलं, तेव्हा माझ्याच तोंडाला ते परकं वाटलं. त्यानं मान हलवली, आपल्या हातांकडे पाहिलं. नखांत अजून पाइपाचा काळा मळ होता.

आमची परतीची बस त्याच सकाळी होती, दुसरी दोन दिवसांनी. तो बाजारातल्या रस्त्यापर्यंत खाली आला. आई खिडकीशी बसली आणि हात जोडून राहिली. भिक्षू कोणाला उलट हात जोडत नाहीत. तो चीवराच्या आत हात घेऊन उभा होता, उजवा खांदा थोडा उतरलेला, ड्यूटीवरून आल्यावर बाबा दारात उभे राहत तसा. वळण येऊन तो दिसेनासा होईपर्यंत आईनं जोडलेले हात सोडले नाहीत.

आदल्या दिवशीची दरड आता बाजूला ढकललेली होती, बस न थांबता पुढे गेली. बुटवल आलं, जमीन पुन्हा सपाट झाली, भाताची शेतं सुरू झाली, तेव्हा आई म्हणाली, "बापाले बाबा म्हटलं त्यानं."

"हो."

"मले उपासिका म्हटलं."

ती बाहेर बघत होती.

"म्हणजे मी मेली का मले बी आई म्हणन."

ती हे रागानं म्हणाली नाही, रडूनही नाही. एखादा हिशोब शेवटी जुळावा तशी म्हणाली, आणि मला वाटतं, त्यात तिला थोडं बरंही वाटलं. मी तिला दिवसातून वीसदा आई म्हणते. ते कोण धरतंय.

कमान दिसायला लागली तेव्हा तिनं पिशवीतून तो रिकामा डबा काढला. उघडून पाहिला, तळाशी तुपाचा ओशट थर होता. झाकण लावून तिनं डबा माझ्या मांडीवर ठेवला.

"धर," ती म्हणाली. "माये हात दुखून राहिले."